पाडव्याची ओवाळणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे नवी केरसुणी पुजतात. व्यापारी मंडळी चोपड्या पुजतात. नोकरदार मराठी गृहस्थ केरसुणीशेजारी बायकोच्या बांगड्या, चार चांदीची नाणी आणि बँकेचे पासबुक मांडतो, त्यांवर हळदकुंकू वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी ते पासबुक पुन्हा कपाटात ठेवून देतो. पुढच्या दिवाळीपर्यंत त्याला हात म्हणून लागत नाही. याला आपण लक्ष्मीची पूजा म्हणतो. मी याला लक्ष्मीची कोंडी म्हणतो. आणि ऐन सणात असे बोलल्याबद्दल कोणी मला अभद्र ठरवले तरी माझी तक्रार नाही.

‘पैशांतले मला काही कळत नाही’ हे वाक्य आपल्या घरांतून किती अभिमानाने उच्चारले जाते ते ऐकावे! जणू काही ‘मला खोटे बोलता येत नाही’ असेच सांगावयाचे आहे. हेच गृहस्थ मंडईत कोथिंबिरीच्या जुडीपायी पाव तास हुज्जत घालतात. पण तीस वर्षांची कमाई कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे आणि ती वाढते आहे की झिजते आहे, हे पाहावयास त्यांना वर्षातला एक तास सवड नाही. याला साधेपणा म्हणू नये. हा शुद्ध आळस आहे, आणि त्याची किंमत आळस करणारा देत नाही. ती त्याच्या मागे राहिलेली देते.

माझ्या मावशीचे यजमान गेले त्याला आता अकरा वर्षे झाली. काका मोठे नेटके. पै-पैचा हिशेब ठेवीत. पण तो स्वतःपुरता. तेरावा झाल्यावर आम्ही त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. विम्याच्या दोन पॉलिसी निघाल्या. दोन्ही लग्नापूर्वी घेतलेल्या, आणि दोहोंवर नाव त्यांच्या आईचे. ती माउली जाऊन वीस वर्षे झालेली. मुदत ठेवीच्या पावत्या एकट्याच्या नावावर. अडतीस वर्षे मावशीने दरमहा हाती पडेल त्या रकमेत संसार केला, पण त्या ट्रंकेत काय आहे हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते, आणि विचारणे तिला शोभण्यासारखे वाटले नव्हते. पुढचे चौदा महिने वारसदाखला, प्रतिज्ञापत्रे आणि आपल्याच मुलांच्या सह्या यांत गेले. पैसा होता, पुष्कळ होता. तरी एके दिवशी तिला गॅसच्या सिलिंडरसाठी भाच्याकडे हात पसरावा लागला. तो भाचा मी. त्या वेळचा तिचा चेहरा मला या लेखाला बसवतो आहे.

काका वाईट होते काय? मुळीच नाही. त्यांनी पंचविसाव्या वर्षी जे केले ते त्या वर्षी बरोबरच होते. चूक एवढीच, की नंतर लग्न झाले, मुले झाली, आई गेली, आणि कागद मात्र पंचवीस वर्षांचाच राहिला. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण मुलांना शिकवतो. पण पाय वाढतात, तेव्हा अंथरूणही वाढवावे लागते, हे कोणी शिकवीत नाही.

शिवाय, कागदावर नाव घातले म्हणजे वारसा दिला, हा समजही फसवा आहे. शेअरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, की नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही; ती वारसांसाठी मालमत्ता सांभाळते. विम्याच्या कायद्यात २०१५ साली पती-पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यापुरती निराळी सोय झाली. म्हणजे नामनिर्देशनही हवे आणि मृत्युपत्रही हवे. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याखाली पत्नी आणि मुलांसाठी घेतलेल्या विम्यावर नवऱ्याच्या सावकारांना सहसा हात टाकता येत नाही. कायदा दीडशे वर्षांचा झाला. पॉलिसी घेताना तो आठवणारे नवरे मला अजून फारसे भेटलेले नाहीत.

आता वडीलधाऱ्यांचा आक्षेप ऐकू या. ते म्हणतात, ‘आम्ही पैसे ठेवले आणि विसरलो, आमचे काय वाईट झाले?’ आजोबा, तुमचे वाईट झाले नाही, कारण काळ तुमचा होता. १९८८ साली किसान विकास पत्र निघाले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. २०२३ साली त्याच दुपटीला ११५ महिने लागू लागले. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १९८६ पासून २००० पर्यंत १२ टक्के व्याज होते; एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ वर आले. तुम्हांला निवृत्तिवेतन होते. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत आलेल्यांना ते जुन्या स्वरूपात मिळाले नाही. तुमचा उपदेश खोटा नव्हता. त्याची मुदत संपली आहे.

आणि महागाई कोणासाठी थांबत नाही. दरसाल सहा टक्क्यांनी भाव चढले तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात. साठाव्या वर्षी ज्याचे घर ४० हजारांत चालते, त्याला बहात्तराव्या वर्षी ८० हजार लागतील आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी १ लाख ६० हजार. सगळी पुंजी कपाटात आणि मुदत ठेवीत कोंडून तो ‘सुरक्षित’ राहिला, तर ती सुरक्षितता वाळवी लागलेल्या तुळईसारखी. बाहेरून शाबूत.

याचा अर्थ पोरांचे बरोबर आहे, असा मात्र नव्हे. फोनवर बोट फिरवून सकाळी घ्यायचे आणि दुपारी विकायचे, याला ते गुंतवणूक म्हणतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब मांडला: वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांत तीन वर्षांत शंभरांतले ९३ वैयक्तिक खेळाडू तोट्यात गेले. आजोबा विसरतात, नातू दमच धरीत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता. मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या घरात आला. २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१ हजारांवर पोचला. ज्याला त्या दोन वर्षांत मुलीची फी भरावयाची होती तो बुडाला. ज्याला वीस वर्षे अवकाश होता त्याला काहीच झाले नाही. बाजार तोच. फरक होता तो माणसाच्या आयुष्यातल्या वेळेचा.

ही वेळ फार मोलाची असते. आठ टक्क्यांनी पैसा नऊ वर्षांत दुप्पट होतो. चोविसाव्या वर्षी ठेवलेला रुपया साठीला सोळा होतो. तेहेतिसाव्या वर्षी ठेवलेला आठच. नऊ वर्षांच्या ‘बघू पुढे’ची किंमत निम्मा डोंगर! म्हणून तरुणपणी वाढीकडे पाहावे, संसार वाढला की विम्याकडे, निवृत्ती जवळ आली की जपणुकीकडे. आणि प्रत्येक वळणावर मागचे कागद पुन्हा वाचावेत. यात न कळण्यासारखे काय आहे? ज्या बाईला वर्षाचे तांदूळ, डाळी आणि लोणची यांचा अंदाज चुकत नाही, तिला हे कळणार नाही असे म्हणणारा पुरुष एक तर भोळा असावा किंवा लबाड.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी लहान आहे. पाडव्याला पत्नी ओवाळील. तबकात साडी घाला, दागिना घाला, ऐपत असेल ते घाला. पण त्याखाली एक कागद ठेवा. त्यावर आपल्या हाताने लिहा: कोणत्या बँकेत काय, विमा किती, कर्ज किती, कोणाला दिले, कोणाकडून घेतले, मृत्युपत्र कोठे ठेवले आहे. ती मिळवती असेल तर तिनेही तसाच कागद द्यावा. मग दोघांनी फराळाचे ताट पुढे घेऊन तो वाचावा, आणि दर पाडव्याला नवा लिहावा.

माझ्या मावशीला दर पाडव्याला साडी मिळत असे. अडतीस साड्या तिने घडी मोडू न देता जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या घडीत हा कागद असता, तर तिला त्या दिवशी माझे दार वाजवावे लागले नसते.