खुनी नदीचा समुद्र

समुद्राची गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात काढली की पहिला शेरा ठरलेला: ‘समुद्र कुठी अन् आपण कुठी!’ बरोबरच आहे म्हणा. पांढरकवड्याहून मुंबई गाठायची तर एक रात्र गाडीत काढावी लागते. तरीही पर्यावरणासाठी काही करावं म्हणणारी कॉलेजची पोरं भेटली की मी त्यांना वर्सोव्याचीच गोष्ट सांगतो.

अफरोज शाह हे मुंबईतले तरुण वकील. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये ते वर्सोव्याला राहायला आले, तर समोरच्या किनाऱ्यावर वाळू दिसेना. काही ठिकाणी प्लास्टिकचा थर पाच फुटांवर गेलेला. वकील माणूस, तक्रारीचा अर्ज खरडणं त्यांना काय अवघड होतं? पण त्यांनी हातमोजे चढवले आणि कचरा उचलायला सुरुवात केली. सोबतीला शेजारचे हरबंश माथुर, वय वर्षं 84. मग दर शनिवार-रविवारी माणसं वाढत गेली. कोळी आले, विद्यार्थी आले, सिनेमातले लोकही आले. दीड-दोन वर्षांत पन्नास लाख किलोंहून अधिक कचरा निघाला. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. पुढच्याच वर्षी गुंडांचा त्रास आणि उचललेला कचरा जागेवरच पडून राहणं, यामुळे वैतागून त्यांना काम थांबवावं लागलं होतं. ते काही काळाने पुन्हा सुरू झालं. सन्मानाची बातमी सगळ्यांना आठवते, काम थांबल्याची कोणाला आठवत नाही. मार्च 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली आणि फोटो देशभर गेले.

मला मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. आज झाडलेला किनारा उद्याच्या भरतीला पुन्हा भरतो. कचरा येतो नाल्यांतून, नद्यांतून. म्हणून शाह आणि त्यांचे स्वयंसेवक मिठी नदीच्या वरच्या अंगाला, पवईजवळच्या फिल्टरपाड्यात गेले. तिथल्या वस्तीत लोकांच्या दारात बसून घरातला कचरा घरातच कसा वेगळा करायचा, हे बोलू लागले. समुद्रासाठी निघालेला माणूस असा समुद्राकडे पाठ करून वर चढला.

त्याच वाटेने चढत गेलं तर आपण लागतो. मिठीच्या नव्हे, गोदावरीच्या. पांढरकवड्याची खुनी नदी पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेत. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागरात उतरते. पूर ओसरल्यावर खुनीच्या काठाने एकदा चालून बघा. बाभळीच्या काट्यांना पन्न्या लटकलेल्या असतात. पाणी कुठवर चढलं होतं, ते त्यांच्यावरून कळतं. खाली गुटख्याच्या पुड्या, कापसाच्या बियाण्याची पाकिटं, तणनाशकाच्या कॅन. फवारणीच्या औषधाची एक बिनझाकणाची बाटली तिथे पाहिली, तळाशी पांढरट पाणी अजून डुचमळत होतं. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, आणि बाटल्या अजूनही नाल्यातच. राज्यात 2018 पासून पन्नीवर बंदी आहे. बाजाराच्या दिवशी वांगी कशात बांधून मिळतात, ते मी लिहायला नको.

समुद्राचा आपल्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्याने आपला सातबारा काढावा आणि त्यात कोरडवाहू किती ते पाहावं. विदर्भाचा बराचसा पाऊस उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर येतो. तिकडे अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यासाठी लागणारी बाष्पाची लाट अरबी समुद्रावरून येते. दोन अतिवृष्टींमध्ये लांबलेली उघाड किती महाग पडते, ते दुबार पेरणी केलेल्याला विचारा. जुलै 2023 चा पूर तर यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. हवामानबदल हा शब्द पोरांना परिषदेतला वाटतो. खरं तर तो पीकविम्याच्या रांगेत रोज ऐकू यायला हवा.

म्हणून ज्यांना काही करायचंच आहे, त्यांनी मुंबईचं तिकीट काढू नये. फवारणी संपली की खुनीच्या पुलाखाली उतरावं. पोती एका सकाळीत भरतील. अडचण दुपारी सुरू होईल. पन्न्या नगरपालिकेची घंटागाडी नेईल, पण विषाच्या बाटल्या त्या गाडीत घालायच्या नाहीत. त्या कृषी केंद्राने परत घ्यायच्या की कंपनीने, यावर भांडायला दुसरा दिवस लागेल, कदाचित अख्खा हंगाम. त्या भांडणाला एखादा वकील सोबत असला तर बरं.