वेशीबाहेरचा ग्राहक

सुट्ट्यांचा हंगाम आला की मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्री जी गर्दी उसळते, तिच्यात धनिकांचाच भरणा असतो ही समजूत आता जुनी झाली. मुलाकडे अमेरिकेस निघालेले निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाणारी सांगलीची मुलगी, साठवलेल्या पैशांतून कुटुंबासह दुबई पाहावयास निघालेले बँकेतील कारकून, अशीच मंडळी त्या रांगेत अधिक दिसतात. भाजणीचे पीठ, मेतकूट आणि औषधे त्यांनी नीट बांधून घेतलेली असतात. मात्र खिशातला फोन परक्या भूमीवर कोणाच्या जोरावर बोलणार, याची तजवीज पुष्कळांनी केलेली नसते. हा प्रश्न प्रवाशांच्या किरकोळ गैरसोयींपैकी एक आहे असे वरकरणी वाटेल. आमच्या मते तो तसा नाही. नागरिक आणि त्याची ओळख, तसेच ग्राहक आणि मक्तेदारी, यांच्या संबंधाचा तो प्रश्न आहे.

मोबाइलचा क्रमांक हा एके काळी केवळ बोलण्याचे साधन होता. आज तो घराच्या किल्लीसारखा झाला आहे. बँकेतून पैसे काढावयाचे, विजेचे बिल भरावयाचे, आधारच्या आधारे स्वतःची खातरजमा पटवावयाची, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला घरबसल्या द्यावयाचा, या सर्वांसाठी त्याच क्रमांकावर येणारा ओटीपी आपल्याकडे बहुधा लागतोच. परदेशी उतरलेल्या माणसापुढे म्हणून दोन वाटा उरतात. इथलेच सिमकार्ड ठेवून रोमिंगचे दर सोसावयाचे, किंवा ते काढून तिथले स्वस्त प्रीपेड कार्ड घालावयाचे. पहिल्या वाटेने खिसा रिकामा होतो आणि दुसऱ्या वाटेने किल्ली घरी राहते. ज्यांच्या फोनमध्ये दोन सिमकार्डांची किंवा ई-सिमची सोय आहे, ते यातून सुटतात. परंतु नव्या आणि महाग यंत्रावर अवलंबून असणारी सुटका हा सर्वांसाठीचा उपाय होऊ शकत नाही.

दीर्घ मुक्कामासाठी जाणाऱ्यांची अडचण याहून अधिक गंभीर आहे. प्रीपेड क्रमांकाचा नव्वद दिवस कसलाही वापर झाला नाही, आणि खात्यात वीस रुपयेही शिल्लक नसले, तर तो बंद करण्याची मुभा कंपन्यांना आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, हा नियम 2013 मध्ये घालून दिला. बंद झालेला क्रमांक पुढे नव्वद दिवस कोणास दिला जात नाही. त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. मुलाकडे सहा महिने राहून परतणाऱ्या वृद्ध दांपत्याने हा हिशोब करून पाहावा. आपल्या बँकेचा निरोप ज्या क्रमांकावर यावयाचा, तो क्रमांक एव्हाना एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात जाण्याच्या बेतात असतो. वीस रुपयांच्या शिल्लकीअभावी आयुष्याची पुंजी अडकून पडावी, हा व्यवहार न्यायाचा खचित नव्हे.

रोमिंग महाग का, याचे उत्तर तारांत किंवा उपग्रहांत शोधू नये; ते व्यापारात आहे. आपण पॅरिसमध्ये फोन लावतो तेव्हा तेथील कंपनी आपल्या कंपनीकडून घाऊक दराने मोबदला घेते, आणि आपली कंपनी त्यावर आपला आकार चढवून तो आपल्याकडून वसूल करते. इंटरनेटची वाहतूक तर बहुधा मायदेशातील यंत्रणेपर्यंत येऊन मग जगात जाते. या घाऊक दरांचा सौदा दोन कंपन्यांत होतो आणि ज्याला पैसे मोजावयाचे तो ग्राहक त्या बैठकीस हजर नसतो. सौदा झाल्यावर तो परमुलखात एकटा असतो. तेथे भाव करावयास त्याला ना वेळ असतो, ना दुसरे दुकान. असा ग्राहक ही कोणत्याही व्यापाऱ्यास पर्वणीच वाटणार.

युरोपने हे दुखणे ओळखले आणि त्यावर इलाज केला. 2007 मध्ये युरोपीय संघाने रोमिंगच्या दरांवर पहिली कमाल मर्यादा घातली. इंटरनेटचे अवाच्या सवा बिल येऊ नये म्हणून 2010 मध्ये पन्नास युरोंची आडकाठी बसवली. अखेर 15 जून 2017 पासून संघातील देशांत फिरणाऱ्यास घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला. 2022 मध्ये या व्यवस्थेस 2032 पर्यंत मुदतवाढ मिळाली. कंपन्या यामुळे बुडाल्या नाहीत. याचे कारण संघाने किरकोळ दराबरोबर घाऊक दरासही हात घातला. एका जीबीस 2022 मध्ये दोन युरो ही जी घाऊक मर्यादा होती, ती टप्प्याटप्प्याने 2027 मध्ये एक युरोवर आणण्याचे कायद्यातच लिहिले आहे. मुळावर घाव घातल्याखेरीज फांद्या छाटून उपयोग नसतो, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

आमच्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. मुंबई हे दूरसंचाराचे एक मंडळ आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे, अशी वाटणी असल्यामुळे मुंबईकर घाट चढून पुण्यास पोहोचला की त्याचा फोन ‘परदेशी’ ठरत असे. आलेल्या फोनचेही पैसे पडत. 2012 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने रोमिंगमुक्त देशाचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा ते अव्यवहार्य आहे अशी कुरकुर झालीच होती. पुढे पाच-सहा वर्षांतच स्पर्धेच्या रेट्याने ते आकार नाहीसे झाले. आज दादरहून डेक्कनवर जाणाऱ्या तरुणास रोमिंग हा शब्दही आठवत नाही.

सुरक्षिततेची सबब मात्र आम्ही उडवून लावू इच्छित नाही. परदेशात बसून भारतीय क्रमांकांच्या आडून वृद्धांना गंडा घालणाऱ्या टोळ्या ही कल्पनेतील भीती नाही. ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली अनेकांची पुंजी लुटली गेली आहे. दूरसंचार विभागाने परदेशी ई-सिम विकणाऱ्या दोन ॲपवर जानेवारी 2024 मध्ये बंदी घातली, आणि संदेशवहनाची ॲपे फोनमधील चालू सिमकार्डाशी सतत बांधलेली असावीत असा आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये काढला, त्यामागील चिंता आम्हांस समजते. तथापि चोर पकडण्यासाठी लावलेल्या जाळ्यात प्रामाणिक प्रवासीच आधी अडकतो, हेही शासनाने ध्यानी घ्यावे. सिमकार्ड यंत्रात असून रोमिंगवर असेल तर अडचण नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. पण पैसे वाचविण्यासाठी ज्याने ते काढून ठेवले आहे, त्याचे काय? नियम जितका कडक, तितके रोमिंग स्वस्त करण्याचे दायित्व मोठे, असे आमचे म्हणणे आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या दारातच आहे. परदेशी पाहुणा आपल्या विमानतळावर उतरून फुकट वाय-फाय घेऊ पाहतो, तेव्हा त्याच्याकडेही बहुधा फोनवर आलेला ओटीपीच मागितला जातो. फोन चालू होण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी चालू फोन हवा, या चक्रात तो सापडतो. ‘अतिथी देवो भव’ हे ब्रीद मिरवणाऱ्या देशाने पाहुण्याचे स्वागत अशा कोड्याने करावे, हे शोभत नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, सरकारने रोमिंगचा विषय परराष्ट्रांशी होणाऱ्या वाटाघाटींत मानाने मांडावा. 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला. लाखो भारतीय राबतात अशा आखाती देशांपासून आणि सिंगापूरपासून घाऊक दरांच्या परस्पर मर्यादेस आरंभ व्हावा. दुसरी, पारपत्र आणि प्रवासाचा पुरावा दाखवणाऱ्या ग्राहकाचा क्रमांक माफक शुल्कात वर्षभर राखून ठेवण्याची सक्ती कंपन्यांवर असावी. तिसरी, बँकांनी केवळ लघुसंदेशावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेल्या निर्देशांनी ओटीपीखेरीज इतर मार्गांनाही वाव दिला असून अंमलासाठी 1 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली. तो वाव कागदावरच राहिला असे होता कामा नये.

वाचकांनीही हातावर हात ठेवून बसू नये. निघण्यापूर्वी दर विचारून घ्यावेत, नको असेल तर परदेशातील इंटरनेट बंद ठेवावे, क्रमांकात शिल्लक ठेवून जावे आणि घरातील वृद्धांना हे समजावून सांगावे. पण वैयक्तिक सावधपणा हा सार्वजनिक न्यायाचा पर्याय नव्हे. परदेशी गेलेला नागरिक नागरिकच राहतो, हे पारपत्र त्याला सांगते. तेच आश्वासन त्याच्या खिशातल्या फोननेही दिले पाहिजे. वेस ओलांडताच ग्राहक बेवारस ठरतो, ही स्थिती बदलणे सरकारच्या हाती आहे. ती बदलावी असा आमचा आग्रह आहे.