दारी झुलतो प्लाझ्मा!

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर गेल्या पंधरा दिवसांपासून एक कागद लटकतोय. "टी.व्ही. रूममधील नादुरुस्त टी.व्ही. भंगारात काढून नवीन एल.ई.डी. टी.व्ही. घेण्याबाबत विद्यार्थिनींनी आपले मत नोंदवावे." हे लिहीपर्यंत ४१ सह्या झाल्यात आणि 'मत' या रकान्यात बहुतेकींनी एकच शब्द लिहिलाय : 'काढा'. माझं मत काही त्या रकान्यात मावेना, म्हणून संपादकांकडून दोन पानं मागून घेतली.

फर्स्ट इयरच्या मुलींसाठी आधी थोडी ओळख. हा टीव्ही ४३ इंची प्लाझ्मा आहे. २०१२-१३ च्या पास-आउट बॅचने वर्गणी काढून हॉस्टेलला भेट दिला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे रडगाणं कुठल्या एका कंपनीचं नाहीच. त्या काळी जेवढ्या पैशात एलईडी लहान मिळायचा तेवढ्यात प्लाझ्मा मोठा मिळायचा. आमच्या सीनियर्सनी इंच मोजले, वॅट मोजले नाहीत. दारी हत्ती झुलतो म्हणजे ऐश्वर्य असं पूर्वी म्हणायचे. पण हत्तीला चारा किती लागतो ते माहुतालाच माहीत. आणि गेली दोन वर्षं टीव्ही रूमची चावी माझ्याकडे असल्यामुळे माहूत मीच!

तर आधी तक्रारी, म्हणजे मी टीव्हीची वकिली करतेय असं कुणी म्हणायला नको.

पहिली तक्रार गरमीची. प्लाझ्माच्या दोन काचांमध्ये चिमुकली घरं असतात. आमच्या सेटमध्ये १०२४ गुणिले ७६८, आणि प्रत्येक ठिपक्याला लाल-हिरवा-निळा अशी तीन घरं, म्हणजे साडेतेवीस लाखांच्या वर. प्रत्येक घरात निऑन आणि झेनॉन वायू. वीज खेळली की आत अतिनील किरण तयार होतात, ते फॉस्फरवर पडतात आणि रंग दिसतो. थोडक्यात, तेवीस लाख ट्यूबलाईट एका भिंतीवर. सेटच्या पाठीवर २०० वॅट लिहिलेत. खारघरचा मे महिना, डोंगराकडून वाराही नाही, खोलीत चाळीस मुली आणि समोर ही शेगडी. त्यात चोरीच्या भीतीने ऑफिसने टीव्ही लोखंडी जाळीच्या कपाटात बसवलाय, मागची बाजू प्लायने बंद. मॅच संपल्यावर त्या कपाटाला हात लावून बघा, चटका बसतो. हे कपाट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी तक्रार आवाजाची. पडद्याला सेकंदाला हजारो वेळा दोनशेच्या आसपास व्होल्टचे धक्के द्यावे लागतात, त्याने सेट गुणगुणतो. चित्र जितकं पांढरं तितकी गुणगुण जास्त. डिटर्जंटची जाहिरात लागली की भुंगा आल्यासारखं वाटतं. उंच डोंगरावरच्या गावांत हवेचा दाब कमी असल्याने ही गुणगुण वाढते म्हणे. आम्ही तर खाडीकाठी राहतो, म्हणजे ती सबबसुद्धा नाही.

रिमोटचं कोडं तर भारीच होतं. टीव्ही चालू केल्यावर पहिली काही मिनिटं सेट-टॉप बॉक्सचा रिमोट चालायचाच नाही. रिमोट आपटून झाला, सेल उन्हात ठेवून झाले, नवे आणून झाले. मग कळलं की झेनॉन पेटला की अतिनीलबरोबर थोडे अवरक्त किरणही बाहेर पडतात, ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि रिमोटसुद्धा त्याच शेजारात बोलतो. बॉक्स टीव्हीच्या अगदी पुढ्यात ठेवलेला, त्यामुळे त्या बिचाऱ्याला टीव्हीच्या ओरडण्यात रिमोटचं ऐकूच येत नव्हतं. बॉक्स बाजूला सरकवून त्याच्या डोळ्यावर पुठ्ठ्याची झापड लावली, काम झालं. खर्च शून्य रुपये. ऑप्टिकल कम्युनिकेशनमधला 'नॉईज' मला पुस्तकात नाही, त्या पुठ्ठ्यात समजला.

आणि सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे भुतं. हिरवं मैदान लागलं की खाली एक मळकट पट्टा दिसतो, ती न्यूज चॅनेलची पट्टी. वर कोपऱ्यात चौकोनी डाग, तो मालिकांच्या चॅनेलचा लोगो. मेसच्या मावशींची सात ते आठची मालिका बारा वर्षं चुकलेली नाही, त्याचा हा शिलालेख! डावी-उजवीकडे मात्र दोन उजळ उभे पट्टे आहेत. ते कसले, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सुरुवातीला चॅनेल्स जुन्या चौकोनी आकारात यायची, दोन्ही कडा काळ्या राहायच्या. तिथला फॉस्फर वापरलाच गेला नाही, म्हणून तो अजून तरुण आहे. 'बर्न-इन' म्हणतात पण जळत काहीच नाही, काही घरं इतरांपेक्षा आधी म्हातारी होतात एवढंच. त्यावर उपाय म्हणून एका सीनियरने चित्र ताणून सेट करून ठेवलं होतं; पट्टे वाढायचे थांबले, पण दोन वर्षं सगळ्या हिरॉइन्स बसक्या दिसल्या.

काचेत ट्यूबलाईट दिसते, लॅपटॉप जोडला तर ठिपके चौकोनी नसल्याने अक्षरं दाटीवाटीची दिसतात, वगैरे किरकोळ गोष्टी सोडून देते.

आता विजेचं. रोज सहा तास धरले तर २०० वॅटचा टीव्ही महिन्याला ३६ युनिट खातो. ८० वॅटचा एलईडी साडेचौदा. फरक साडेएकवीस युनिटचा. आपल्या मजल्यावरचा २ किलोवॅटचा गीझर विसरून अकरा तास चालू राहिला की हिशोब सारखा. गीझर किती वेळा विसरला जातो ते ज्याच्या त्याच्या मनाला विचारावं!

इतकं सगळं असूनही हा टीव्ही टीव्ही रूमसाठी चांगला का होता? कारण प्रत्येक घर स्वतः उजळतं. समोरून बघा, दाराच्या बाजूने बघा, रंग तोच. उशिरा येऊन कोपऱ्यात बसणारीला, दारात उभं राहून बघणाऱ्या वॉचमन काकांनाही तेच चित्र. स्वस्तातला एलईडी कडेने पाहिला की चेहरे फिके पडतात. घरी चौघांत चालतं, चाळीस जणींत नाही. आणि बॉल कितीही जोरात गेला तरी मागे शेपूट दिसत नाही.

पण तो बंद पडला, आणि पडला तोही कधी? २ नोव्हेंबर २०२५. महिला वर्ल्ड कपची फायनल, आणि तीही नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, म्हणजे खारघरहून हार्बर लाईनने तिसरं स्टेशन! पावसामुळे सामना दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला. आपल्या २९८ धावा. रात्री दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ड नव्वदीत खेळत होती, खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, आणि... टक्. पडदा काळा. लाल दिवा लुकलुकला, परत टक्, परत काळा. कपाटाची किल्ली आणेपर्यंत सगळ्या आपापल्या मोबाईलवर गेल्या होत्या.

त्या रात्रीचं खरं दुःख टीव्हीचं नाही. प्रत्येकीचं नेट वेगळं, त्यामुळे प्रत्येकीची मॅच वेगळी. वोल्वार्डचा झेल खालच्या मजल्यावर सुटत-सुटत पकडला गेला तेव्हा आमच्याकडे बॉलर अजून रनअपला होती. खालून किंकाळी आली, मग आम्हाला विकेट दिसली, मग वरच्या मजल्याने ओरडून घेतलं. दीप्ती शर्माची पाचवी विकेट, ५२ धावांनी विजय, पहिला वर्ल्ड कप... हॉस्टेलने तो तीन हप्त्यांत साजरा केला. मावशींचा डेटा संपला होता. त्या जिन्यात उभ्या राहून विचारत होत्या, "अगं, जिंकलो का नक्की?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने कपाटाच्या जाळीतूनच बघितलं आणि म्हणाला, "ताई, प्लाझ्मा आहे ना? हात लावत नाही आम्ही. पार्ट येत नाही." एकही स्क्रू न काढता निदान झालं, आणि त्यावर ४१ सह्या!

मेकॅनिकचं म्हणणं खोटं नाही. पायोनिअरने २००९ मध्ये टीव्हीतून बाहेर पडायचं जाहीर केलं, पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पॅनेल बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ संपताना. आमचा सेट वर्ष-दीड वर्षाचा असतानाच त्याचं घराणं बुडालं. पण याच कंपन्या जाहिरातीत पॅनेलचं आयुष्य आधी ६० हजार आणि पुढे १ लाख तास सांगायच्या. रोज आठ तास धरले तरी १ लाख तासांना ३४ वर्षं लागतात. म्हणजे काच पोरवयात आहे, आणि तिच्या पाठीमागचा बोर्ड गेला म्हणून अख्खी काच तिरडीवर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकताळा सगळ्यांना पाठ आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. परीक्षेत लिहून दोन मार्क घेतो आपण. आणि आपणच तो कपॅसिटर बंद कपाटात बारा वर्षं भाजला!

मला राग येतो तो इथे. गरम होणं, गुणगुणणं, भुतं हे सगळं त्या तंत्राच्या स्वभावातलं आहे, ते सहन होतं. पण दुरुस्त होऊ शकणारी वस्तू नुसत्या कागदाअभावी मरावी हे सहन होत नाही. आजोबांच्या रेडिओबरोबर सर्किट डायग्राम आला होता, अजून पेटीत घडी घालून ठेवलाय. या टीव्हीबरोबर आलं ते बारा भाषांतलं सुरक्षा-सूचनांचं पुस्तक. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. चांगलंच केलं. पण ज्याचं उत्पादनच बंद झालंय त्याचा डायग्राम कोण देणार?

गंमत म्हणजे प्लाझ्मा जन्मला तोच विद्यार्थ्यांसाठी. १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो बनवला. विल्सन तेव्हा स्वतः विद्यार्थीच होते. 'प्लेटो' नावाची कॉम्प्युटरवर शिकवायची योजना तिथे चालू होती, तिच्यासाठी पडदा हवा होता. साध्या पिक्चर ट्यूबवर चित्र सारखं नव्याने रेखाटावं लागे, त्यासाठी मेमरी लागे, आणि मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाची. प्लाझ्माचं घर एकदा पेटवलं की पेटलेलं राहतं, म्हणजे पडदाच मेमरी! करमणुकीसाठी तो आला पुष्कळ नंतर. तर असं हे यंत्र साठ वर्षांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजात बंद पडतं, आणि त्या कॉलेजात कुणी ते उघडूनही बघत नाही. याला काय म्हणायचं?

यावर माझ्या रूम पार्टनरचा प्रश्न : "आणि उघडूनही नाही झाला तर?" तर नाही झाला. पॅनेलच्या पाठीवर एक स्टिकर असतो, त्यावर कुठल्या बिंदूला किती व्होल्ट हवेत ते छापलेलं असतं. पॉवर सप्लाय तेवढे देतोय का ते मीटरने बघायचं, मग सस्टेन बोर्ड काढून पुन्हा बघायचं. कपॅसिटर फुगले असतील तर ते चहा-वड्याच्या पैशात मिळतात. बोर्डच गेला असेल तर लॅमिंग्टन रोडला जुन्या सेटमधून काढलेले बोर्ड मिळतात का ते शोधायचं. तिथेही नसेल तर मी स्वतः 'काढा' लिहून सही करीन. मात्र तेव्हाही तो हातगाडीवर जाता कामा नये. जुन्या पॅनेलच्या काचेत शिसं असू शकतं, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणेही तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा.

एक धोक्याची सूचना, आणि ही चेष्टा नाही. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले राहतात, तीनशे-चारशे व्होल्टसुद्धा असू शकतात. त्यामुळे हॉस्टेलवर स्क्रू ड्रायव्हर घेऊन कुणी पुढे होऊ नका. इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या सरांशी बोलणं झालंय. शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर एक टेबल आणि दोन तास द्यायला ते तयार आहेत, स्वतः थांबणार आहेत. रेक्टर मॅडमनी शनिवारपर्यंत नोटीस थांबवली आहे. नवा टीव्ही येवो की जुना राहो, कपाटाची मागची प्लाय काढून टाकायचंही त्यांनी मान्य केलंय.

टीव्ही लॅबपर्यंत न्यायला चौघी हव्यात. उभाच न्यायचा, आडवा करायचा नाही. दोन नावं आलीत, त्यातलं एक मावशींचं आहे.