हंगामाची बेगमी

मुरबाड-शहापूरकडच्या माणसाला बेगमी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मृग लागायच्या आत घरावरची कौले परतून होतात, सरपण माळ्यावर चढते, सुकी मासळी आणि कांदे भरून ठेवले जातात. त्याच्याही आधी, ऐन उन्हाळ्यात, शेताच्या एका तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा अंथरून राब भाजला जातो. कारण पहिल्या पावसाबरोबर भाताचे रोप तिथे टाकायचे असते. पाऊस सुरू झाल्यावर राब भाजायला निघालेला शेतकरी मी तरी या भागात पाहिलेला नाही.

मग शेतकऱ्याला कळते ते लाखो रुपये पगार घेणाऱ्या संगणकवाल्यांना का कळू नये, हा प्रश्न मला गेल्या दिवाळीनंतर पडला. आणि तो पडायला कारणीभूत झाली एक मुलगी.

मुरबाडच्या शाखेत मी असताना आमच्याकडे एक शिपाई होते, किन्हवलीकडचे. निवृत्तीनंतरही त्यांनी येणेजाणे ठेवले. त्यांची नात शहापूरला बी.कॉम. झाली. आजोबा मला साहेब म्हणत, म्हणून ती मला ‘साहेबआजोबा’ म्हणते. गेली दोन वर्षे ती पडघ्याच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या गोदामात, ठेकेदारामार्फत, हंगामापुरती कामाला जाते. पहाटे पाचला फाट्यावर बस येते. तिच्याबरोबर गावातल्या आणखी सात-आठ मुली असतात.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, हे आमच्या पिढीचे समीकरण. पण मुंबईचा जकातनाका ओलांडायच्या आत माल उतरवून ठेवायला बरे, म्हणून तिथे गोदामे वाढत गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि तरीही गोदामे कमी न होता वाढलीच. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला खुला झाला तोही शहापूर तालुक्यातून. आपण पुण्यात किंवा दादरला बसून बोटाने एक बटण दाबतो, आणि ते बटण जिथे वाजते ते ठिकाण बहुधा असे कुठेतरी असते.

बटण दाबल्यावर काय होते ते तिनेच मला कागदावर काढून दाखवले. मागणी आली की संगणक आधी पाहतो, माल आहे का. असेल तर तेवढा नग त्या गिऱ्हाईकाच्या नावे राखून ठेवतो. मग कुठल्या गोदामातून पाठवायचा ते ठरवतो, आणि तिच्या हातातल्या यंत्रावर अक्षरे उमटतात : अमुक गल्ली, अमुक मांडणी, अमुक खण. ती चालत जाते, वस्तू काढते, यंत्राने तिच्यावरची पट्टी वाचते. तासाला किती वस्तू काढल्या याचा आकडा तेच यंत्र ठेवते.

गेल्या वर्षी दिवाळीला नऊ दिवस उरले असताना त्या गोदामात या सगळ्या व्यवहाराचा प्रोग्राम बदलला. नवा चांगला होता म्हणे, आणि असेलही. पण जुन्यातला साठा नव्यात चढवताना, गिऱ्हाइकांकडून परत आलेला आणि अजून तपासायचा राहिलेला मालही विक्रीयोग्य म्हणून धरला गेला. म्हणजे पडद्यावर मिक्सर सहा आणि खणात एकही नाही. गिऱ्हाइके पैसे भरत होती आणि या मुली रिकाम्या खणांपर्यंत चालत होत्या.

“मग तुम्ही काय करायचात?” मी विचारले.

“‘सापडले नाही’ दाबायचं आणि पुढे जायचं, साहेबआजोबा. पण चाललेला वेळ मोजला जातो ना. वस्तू मोजली जात नाही.”

तासाचा आकडा पडला. दिवाळीनंतर ज्यांना पुढेही ठेवायचे त्यांची यादी लागली, त्यात तिचे नाव नव्हते. पर्यवेक्षक म्हणाला, आकडे सिस्टीमचे आहेत, माझ्या हातात काही नाही.

हे ऐकले आणि मला आमची सहामाही आठवली. मी नोकरीला लागलो तेव्हा, १९८०च्या दशकात, बँकांचे वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. मार्चअखेर ते १९८९ पासून आले. जून आणि डिसेंबर हे आमचे हंगाम. हजारो बचत खात्यांवर हाताने व्याज लावायचे. व्याज धरायचे ते महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. (रोजच्या शिलकीवर व्याज १ एप्रिल २०१० पासून मिळू लागले, त्याआधी किती खातेदारांचे किती पैसे या दहा तारखेने खाल्ले असतील, तो वेगळा लेख.) सहा महिन्यांचे हे आकडे शेवटच्या आठवड्यात काढायला बसलो असतो तर शाखा बंदच ठेवावी लागली असती. म्हणून ‘प्रॉडक्ट’ दर महिन्याला काढून ठेवायचे. सहामाहीला उरायची ती बेरीज.

आमचे अकाउंटंट जुने, कडक, तपकीर ओढणारे गृहस्थ होते. त्यांचे दोन नियम. डिसेंबरच्या पंधरा तारखेनंतर कुणी नवे लेजर उघडायचे नाही, की टेबल बदलायचे नाही. मॅनेजरने सांगितले तरी नाही. आणि ताळा जमला नाही तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची, तारीख आणि कारण लिहून, आणि सापडेपर्यंत शोधायची. ती लेजर लिहिणाऱ्या पोराच्या माथी मारायची नाही. कॅशियरची गोष्ट निराळी, त्याची तूट त्यालाच भरावी लागे, आणि ते मला तेव्हाही पटत नसे.

कागदाचे युग आणि यंत्राचे युग यांची तुलना करून जुने ते सोने म्हणायचा माझा विचार नाही. हाताने व्याज लावताना आम्ही केलेल्या चुका सांगितल्या तर खातेदार अजूनही घरी येतील. मुद्दा वेगळाच आहे. आपल्याला गर्दीचा अंदाज येत नाही, हे त्या अकाउंटंटना मान्य होते.

तो भल्याभल्यांना येत नाही. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टने आपली ती गाजलेली महाविक्री केली. दहा तासांत सुमारे सहाशे कोटींचा माल विकला म्हणतात. पण पडदे गोठले, भाव बदलत राहिले, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोघाही संस्थापकांनी गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागितली. त्यात कबुली होती की नेहमीच्या वीस पट वर्दळीची तयारी केली होती, ती पुरली नाही. वीस पट! माफी मागितली हे मला आवडले. आपल्याकडे ती दुर्मीळ वस्तू आहे.

मग तयारी म्हणजे काय? पाच हजार यंत्रे लावून काम भागत नसेल तर काय करायचे? माझ्या भाच्याचा हाच धंदा आहे. त्याच्याशी बोलून, आणि थोडे माझ्या अकलेने, मला कळले ते असे की बरीचशी कामे संगणकाची नाहीतच. श्रावणातच गोदाम मोजले पाहिजे, माणसांनी, हाताने. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबून नव्हे. शेवटचे दोन-चार नग विक्रीला न दाखवता हातचे राखावेत, म्हणजे एकाच क्षणी दोघांनी मागितले तर एकाला नकार द्यावा लागत नाही. गेल्या वर्षीच्या सर्वांत वाईट तासाची खोटी मागणी तयार करून ती प्रोग्रामवर सोडून पाहावी, आणि तो कुठे मोडतो ते मोडेपर्यंत पाहावे. घाबरलेल्या गिऱ्हाइकाने बटण दोनदा दाबले तरी मागणी एकच धरली जाते ना, हे तपासावे. यंत्रे बंद पडलीच तर कागदावर काम कसे चालेल याची एकदा रंगीत तालीम व्हावी, आणि त्या तालमीला ठेकेदाराच्या मुलीही असाव्यात. कारण कोणता खण नेहमी खोटे बोलतो ते त्यांना ठाऊक असते, बंगळूरच्या इंजिनियरला नाही. आणि घटस्थापनेच्या तीन-चार आठवडे आधी प्रोग्रामला कुलूप. मोडलेले दुरुस्त करायचे, नवे काही आणायचे नाही. आणलेच, तर जुन्यावर परत जाण्याची वाट मोकळी ठेवायची.

यावर भाचा म्हणाला, “मामा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नवीन काहीतरी दिवाळीच्या आधी दाखवायचं असतं वरच्यांना.” म्हणजे प्रश्न अज्ञानाचा नाहीच. आणि म्हणूनच मला त्याची जास्त चीड आहे. बदलाचा मोह एकाचा आणि पायपीट दुसरीची, हा हिशेब जुळत नाही. सस्पेन्स खाते हवे ते इथे. ‘सापडले नाही’ असे ज्या क्षणी दाबले जाते, तो वेळ मुलीच्या नावावरून उतरून व्यवस्थेच्या नावावर गेला पाहिजे. यासाठी प्रोग्राममध्ये फार मोठा फेरफार लागत नाही, असे भाचाच म्हणतो.

सरकारी कामात तरी वेगळे काय आहे? आमच्या शहापुरात आदिवासी विकास महामंडळाची भातखरेदी होते. साध्या भाताचा २०२५-२६ चा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल. पण त्यासाठी सातबारा, मोबाइलवरची पीक पाहणी, आधार, बँकेचे पासबुक, सगळे आधी संगणकावर नोंदवायचे. भात कधी कापले जाणार हे शतकानुशतके ठाऊक आहे. म्हणून त्या नोंदणीच्या यंत्रणेची चाचणी भात पोटरीत असतानाच झाली पाहिजे. शेतकऱ्याला घाई असते, कारण घरात पोती ठेवायला जागा नसते. तो व्यापाऱ्याला पडेल भावाने देऊन मोकळा होतो.

ती मुलगी या वर्षी दुसऱ्या गोदामात लागली आहे. जाण्याआधी पाया पडायला आली तेव्हा मी तिला आमच्या काळातल्या जॉटिंग बुकाची गोष्ट सांगितली आणि दोनशे पानी वही दिली. रिकामा खण लागला की तारीख, वेळ, खणाचा नंबर लिही म्हटले. यंत्राला लागते तेवढेच, जास्त काही नको. आत वही न्यायला परवानगी नाही, म्हणून ती नंबर पाठ करते आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन लिहिते. परवा दाखवायला आणली होती. अकरा पाने भरली आहेत, आणि दिवाळी अजून यायची आहे.