जुन्या ट्रॅक्टरचे मोल तासांवर ठरवा



उलंगवाडी झाली, कापसाचे चार पैसे हाती आले, की गावोगाव जुन्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू होतात. बैलजोडी महाग झाली, गडी मिळत नाही, कडब्याचे भाव चढले. तेव्हा जुना का होईना, दारात ट्रॅक्टर असावा असे वाटणे साहजिक आहे. त्यात चूक काही नाही. पण सौदा होतो तो रंग पाहून आणि शेजाऱ्याने किती मोजले ते ऐकून. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरण्याआधी आपण दात पाहतो, खूर पाहतो, जोडी चालवून पाहतो. लोखंडाच्या बैलाला मात्र कोणी तोंड उघडायला लावत नाही.

म्हणून या अंकात आम्ही तोच हिशोब मांडत आहोत.

आधी यंत्र पाहू. ट्रॅक्टर बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. आपण पोचण्याआधीच मालकाने तापवून ठेवले असेल तर तिथेच शंका घ्या. धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पिस्टन-रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेले. ओझ्याखाली सतत काळा धूर असेल तर इंजेक्टर, पंप किंवा हवेची जाळी यांचे दुखणे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते. ऑइलची काडी काढून बघा; ऑइल दुधट दिसले तर पाणी मिसळले आहे, मोठा खर्च समोर उभा आहे. ब्रीदरमधून जोराने वाफ फेकत असेल तर इंजिन उघडावे लागणार हे धरून चला.

मग नांगर जोडा. मोकळ्या रस्त्यावर कोणताही ट्रॅक्टर धावतो. परीक्षा होते ती आपल्या काळ्या जमिनीत. पल्टी नांगर लावून अर्धा तास चालवा. गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, इंजिन दम टाकते का ते बघा. नांगर उचलून इंजिन बंद करा आणि थोडे थांबा. नांगर लगेच खाली बसू लागला तर हायड्रोलिक गळते. पुढचे चाक जॅकवर उचलून हाताने हलवा, किंगपिन आणि बुश बोलतील. मागच्या टायरचे दात आणि बाजूच्या भेगा बघा. तासांच्या मीटरवर भिस्त ठेवू नका. मीटर बदलता येतो; क्लचच्या पायटीची झीज कोणी बदलत नाही.

ट्रॅक्टर कोणत्या जातीचा आहे यालाही मोल आहे. महिंद्राचा बी-२७५, मॅसीचा १०३५, स्वराजचा ७३५ अशा जुन्या यंत्रांची खोड तालुक्याच्या मिस्त्रीला पाठ असते. एचएमटीचा ट्रॅक्टर मजबूत म्हणून नावाजलेला. पण त्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तेव्हा असे यंत्र घेताना आधी सुट्या भागांच्या दुकानात विचारा, मग मालकाकडे जा.

आता पैशाचा हिशोब. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकी गणितात नव्या ट्रॅक्टरला वर्षाला १,००० तास काम धरतात. कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या गावात एवढे काम कुठून आणणार? उन्हाळी नांगरणी, पाळी, पेरणी, ज्वारीची मळणी, पऱ्हाटीचा चुरा आणि थोडी वाहतूक. डवरणी अजून बहुतेक बैलावरच. म्हणून तास आधी मोजा, किंमत मग बोला.

समजा, मालक २,४०,००० रुपये मागतो. टायर, क्लच, बॅटरी मिळून ६०,००० लागतील. म्हणजे ट्रॅक्टर ३,००,००० ला पडला. पाच वर्षांनी तो १,००,००० ला विकला, तर झीज वर्षाला ४०,०००. सरासरी २,००,००० रुपयांवर १२ टक्क्यांनी व्याज २४,०००. दुरुस्ती व विमा २६,०००. वर्षाचे झाले ९०,०००. गावात भाड्याचा दर तासाला ९०० आणि त्यातून डिझेल व चालकाचे ५०० गेले, तर हाती ४०० उरतात. म्हणजे २२५ तास काम असेल तेव्हाच हा ट्रॅक्टर स्वतःचे पोट भरतो. आकडे आपापल्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

ज्याच्याकडे घरचे आणि भाड्याचे मिळून १५० तासच आहेत, त्याला वर्षाला ६०,००० सुटतील. तोच हिशोब उलटा केला तर दुरुस्तीसह १,८५,००० च्या वर त्याने जाऊ नये. म्हणजे मालकाच्या हातावर सव्वा लाख. यंत्र एकच, पण दोन शेतकऱ्यांना त्याची किंमत दोन. आणि चालक घरचा पोरगा आहे म्हणून त्याची मजुरी सोडू नका. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना आपली मजुरी धरावी म्हणून आपण भांडतो. घरच्या हिशोबात ती आपणच खाऊन टाकायची काय?

भाव करताना आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. नवा ट्रॅक्टर उतरला तर जुन्याने जुन्याच भावाला का चिकटून बसावे?

शेवटचे आणि सर्वांत जोखमीचे म्हणजे कागद. आरसी पुस्तकावरचे इंजिन व चॅसीचे नंबर लोखंडावरच्या नंबरांशी ताडून बघा. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. ती सरली आहे का बघा. ट्रॉलीची नोंद वेगळी असते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. 'नावावर करू सावकाश' म्हणणारा विकणाराही बुडतो. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

आमची सूचना साधी आहे. सौद्याला एकट्याने जाऊ नका. गावातले दोन जाणते आणि भरवशाचा मिस्त्री बरोबर न्या. मिस्त्रीची मजुरी आपण द्या, दलालाला देऊ देऊ नका. दोन-तीन घरांचे तास एकत्र केले तर एकट्याला न परवडणारे यंत्र तिघांना परवडते. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कागदावर लिहून आणावे: गावात ट्रॅक्टर किती, वर्षाला तास किती, भाड्याचा दर किती. हा कागद हाती असला की दलालापुढे बसताना आपली बोटे आपणच मोजू.