माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे हवे!

महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली की पुण्यातील पुष्कळ सुशिक्षित घरांत एक चमत्कारिक आजार सुरू होतो. चालता चालता चित्रपट थबकतो. मुलाच्या शिकवणीच्या पडद्यावर ते मेले चक्र गरगर फिरू लागते. बंगळूरला किंवा बॉस्टनला असलेल्या लेकीचा चेहरा बोलता बोलता गोठतो आणि आजी घाबरून विचारते, 'तिला काही झाले का रे?' घरधनी राऊटर बंद करून पुन्हा सुरू करतो, वायर हलवून पाहतो आणि शेवटी कंपनीला फोन लावतो. पलीकडचा गोड आवाज सांगतो, 'सर, आपली मर्यादा संपली आहे!' मर्यादा? योजनेचे नाव तर 'अनलिमिटेड'! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तो हा असा!

ह्या प्रकाराला कंपन्यांनी 'फेअर यूसेज पॉलिसी' असे भारदस्त नाव दिले आहे. फेअर म्हणजे न्याय्य. ठरावीक जीबी संपले की वेग एकदम तळाला न्यावयाचा किंवा जादा डेटाचे वेगळे पैसे उकळावयाचे, ह्यात न्याय कोणता, आणि कोणासाठी, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. जाहिरातीत '१०० एमबीपीएस' हे आकडे हाताएवढे मोठे असतात. हवेतून इंटरनेट देणाऱ्या जोडण्यांवर महिन्याची मर्यादा पुष्कळदा १,००० जीबी असते, ती मात्र मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. आता शाळकरी पोरानेसुद्धा त्रैराशिक मांडावे. शंभर एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने १,००० जीबी संपावयास किती वेळ लागतो? सुमारे बावीस तास! विकला महिना, आणि दिला एक दिवससुद्धा नाही! पूर्ण वेगाने अष्टौप्रहर कोणी वापरीत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु मग जो वेग महिनाभर वापरताच येत नाही, तो वेग महिन्याचा म्हणून का विकता?

हे दुखणे आजचे नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हिशेब तासांचा होता आणि टेलिफोनचे बिल वर वेगळे. पुढे ब्रॉडबँड आले आणि तासांच्या जागी मेगाबाइट बसले. सरकारी दूरसंचार कंपनीच्या एका योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ ह्या वेळेतला वापर मोजणीतून वगळलेला असे. त्या काळात घड्याळाला दोनचा गजर लावून उठणारे विद्यार्थी ह्या शहराने पाहिले आहेत. सरस्वतीच्या उपासनेसाठी ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे शास्त्र सांगते. आमच्या दूरसंचार खात्याने तो मुहूर्त अंमळ अलीकडे ओढला, इतकेच!

कंपन्यांची बाजू आम्ही ऐकून घेतली नाही असे कोणी म्हणू नये. त्या म्हणतात, 'जो अधिक वापरील त्याने अधिक भरावे. सकाळी चार पत्रे पाहणाऱ्या पेन्शनरने रात्रंदिवस चित्रपट उतरविणाऱ्या शेजाऱ्याचा भार का सोसावा?' हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. विजेचे बिल युनिटवर येते, मग इंटरनेटचे का नको? परंतु विजेचे प्रत्येक युनिट निर्माण करावयास कोळसा जळतो, धरणाचे पाणी खर्ची पडते. डेटा जळत नाही. काचतंतूची वाहिनी एकदा जमिनीत पुरली की पहाटे तीनला ती रिकामी पडून राहिली काय किंवा भरून वाहिली काय, कंपनीच्या खर्चात जवळजवळ फरक पडत नाही. खर्च वाढतो तो रात्री नऊ वाजता, सारे शहर एकदम पडद्यासमोर बसते म्हणून. कारण जाळ्याची क्षमता त्या गर्दीच्या घटकेसाठी वाढवावी लागते. मग पहाटे वापरलेला जीबी आणि रात्री नवाचा जीबी एकाच मापाने का मोजता? आणि पंचविसाव्या तारखेच्या रिकाम्या दुपारी आमचा वेग कोणाच्या भल्यासाठी मारता?

२०२० च्या मार्चमध्ये सारे जग घरात कोंडले गेले. घरचा वापर कधी नव्हे इतका वाढला. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेतील मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या मासिक मर्यादा काही महिने उठविल्या. जाळे कोसळले नाही! ज्या बंधाऱ्याशिवाय पूर येईल असे वर्षानुवर्षे सांगितले, तो काढला तेव्हा पूर आला नाही, ह्याचा अर्थ काय घ्यावयाचा? कॅनडातील लोकांनी तर हा प्रश्न त्याआधीच धसास लावला होता. तेथील नियामक आयोगाने बड्या कंपनीच्या तारा भाड्याने घेणाऱ्या लहान कंपन्यांवरही वापरानुसार आकारणी लादण्याचे ठरविले. २०११ च्या आरंभी अशा एका लहान कंपनीला ओंटारिओतील ग्राहकांची मर्यादा २०० जीबीवरून २५ जीबीवर येणार असे कळवावे लागले. लोक खवळले. सुमारे पाच लाख सह्यांचा अर्ज उभा राहिला, सरकारला हात घालावा लागला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये आयोगाने आपला निर्णय फिरविला. लहान कंपन्यांनी वाहिनीची क्षमता विकत घ्यावी, प्रत्येक घराचे जीबी मोजीत बसण्याचे कारण नाही, ही वाट खुली झाली.

परंतु आमची मुख्य तक्रार मर्यादेची नाहीच. आमची तक्रार आहे मापाची! मंडईतील भाजीवाली काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवते. रिक्षाच्या मीटरवर सरकारी मोहोर नसेल तर रिक्षा रस्त्यावर आणता येत नाही. विजेचा मीटर आमच्याच जिन्यात असतो, त्याला सील असते, आणि संशय आला तर तो तपासून घेण्याचा आम्हांस हक्क आहे. इंटरनेटचा मीटर कोठे आहे? तो कंपनीच्या संगणकात आहे. वाचणार कंपनी, लिहिणार कंपनी, आणि भांडण झाले तर न्याय देणारही कंपनी! एक जीबी म्हणजे एक हजार मेगाबाइट की एक हजार चोवीस? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. मोजणीची ही पद्धत बदलली की एका जीबीमागे सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो; हजार जीबीला सत्तर जीबी! दुधात सात टक्के पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण दारात उभे करीत नाही. शिवाय न मागता धावणाऱ्या जाहिराती आणि फोन, संगणक, टीव्ही आपोआप उतरवून घेतात ती अद्ययावत रूपे, हा सारा भारही गिऱ्हाइकाच्याच खात्यावर. आमच्या माथी जाहिरात मारावयाची आणि तिच्या हमालीचे पैसेही आम्हीच द्यावयाचे!

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', ह्या बाबतीत अगदीच झोपी गेले होते असे नाही. मर्यादा किती, तिच्या आतला वेग किती व नंतरचा किती, हे जाहिरातीत आणि संकेतस्थळावर सांगावे, आणि मर्यादा संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नये, असा आदेश त्याने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी काढला. चांगले झाले. परंतु ५१२ केबीपीएसने एक जीबी उतरावयास चार तासांहून अधिक लागतात! ज्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्याच २ एमबीपीएसवर नेली, त्या सरकारच्या राज्यात त्याच्या एक चतुर्थांश वेगाला ब्रॉडबँड सेवेतील किमान म्हणावे, ही थट्टा आहे. ट्रायने आता दोन गोष्टी तातडीने कराव्यात. जेथे मर्यादा आहे तेथे 'अनलिमिटेड' हा शब्द छापण्यास बंदी करावी. आणि जीबी मोजून आकारणी करणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या मापाची तपासणी तिच्या पगारावर नसलेल्या यंत्रणेकडून करवून, दिवसवार आणि तासवार हिशेब ग्राहकाच्या हाती द्यावा. ज्या कंपनीला हे नको असेल तिने मोजू नये. ठोक पैसे घ्यावेत आणि वेग कमी करावयाचाच तर तो गर्दीच्या तासांपुरता करावा.

तोवर ग्राहकांनी काय करावयाचे? ट्राय व्यक्तिगत तक्रारी सोडवीत नाही. आधी कंपनीचे तक्रार केंद्र, मग कंपनीचेच अपील प्राधिकरण, असा तो वळसा आहे. २००९ मधील एका निकालामुळे १८८५ च्या तारायंत्र कायद्याकडे बोट दाखवून टेलिफोनच्या ग्राहकांस ग्राहक मंचाच्या दारातून परत पाठविले जात असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अडचण दूर केली, आणि दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते हे स्पष्ट केले. म्हणून मर्यादा संपल्याचा संदेश आला की तो पुसू नये. राऊटरवरील वापराचा आकडा त्याच दिवशी टिपून ठेवावा, तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, आणि योजना घेतली त्या दिवशीची जाहिरात जपून ठेवावी. जिल्हा आयोगापुढे पहिला प्रश्न त्या जाहिरातीवरच विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर कंपनीला द्यावे लागेल.