खादा कुणी, खादी कुणी

शाळेतल्या पोरांना मराठी व्याकरणातलं सगळ्यात नकोसं काय, असं धुळ्यात नाहीतर अमळनेरात विचारून बघा. ‘प्रयोग ओळखा’ हे उत्तर हमखास येतं. कर्तरी, कर्मणी, भावे. तक्ता घोकायचा, पेपरात ओकायचा, विसरायचा. आणि हीच पोरं घरी, वावरात, एसटीत तिन्ही प्रयोग बिनचूक चालवत असतात. फक्त आपल्या खानदेशी बोलीत, अहिराणीत.

‘आंडोर भाकर खास’, ‘आंडेर भाकर खास’. मुलगा असो की मुलगी, क्रियापद ‘खास’च. हा कर्तरी. प्रमाण मराठी इथे खातो-खाते करत बसते. अहिराणी खाणाऱ्याचं लिंग विचारतच नाही. आता हेच काल घडलं म्हणा: ‘आंडोरनी भाकर खादी’, ‘आंडेरनी आंबा खादा’. खाल्लं मुलीनं, पण क्रियापद गेलं आंब्यामागे. कर्त्याला ‘नी’ लागला की त्याची हुकमत संपली. हाच कर्मणी. आणि ‘मायनी आंडोरले मारं’ म्हटलं की कर्मालाही ‘ले’ चिकटला. मग क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, ‘मारं’ म्हणून मोकळं होतं. झाला भावे.

यातला ‘नी’ मोठा मिश्कील. ‘मायनी भाकर’ एवढंच कानावर आलं तर ती आईची भाकर, की आईनं भाकरीचं काही केलं? पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि तरी खानदेशात यावरून कुणाचं अडल्याचं ऐकिवात नाही.

प्रत्ययांवाचूनही भाषेचं अडत नाही. पश्चिम आफ्रिकेत, गांबिया-सेनेगलकडे, मंडिंका भाषा बोलतात. तिथे कर्त्या-कर्माला प्रत्ययच नाहीत. ‘केवो ये वुलो जे’ म्हणजे माणसानं कुत्रा पाहिला. कर्ता आधी, मग ‘ये’, मग कर्म, शेवटी क्रियापद. केवो आणि वुलोच्या जागा बदलल्या की कुत्र्यानं माणूस पाहिला. कर्म नसेल तर ‘ये’ जातो आणि क्रियापदालाच ‘ता’ लागतो: ‘केवो नाता’, माणूस आला. सर्वनामांतही ‘तो’ आणि ‘त्याला’ असा भेद नाही. ‘आ ये आ जे’, त्यानं त्याला पाहिलं. सगळा भार जागेवर. आपल्याकडे ‘आंडोरले मायनी मारं’ असं उलटं म्हटलं तरी मार पोरालाच बसतो. कुणी कुणाला काय केलं हे सांगायची सोय प्रत्येक भाषा आपापल्या परीनं करते. एकीची फूटपट्टी दुसरीला लावली की दुसरी वेडीवाकडी दिसणारच.

शाळेत अहिराणीचं नेमकं हेच होतं. ‘माले’ म्हटलं की वर्ग हसतो, मास्तर ‘मला’ करून घेतात. भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सननं त्याच्या 1907च्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं. ती वर्गवारी वादाची आहे, पण खानदेशीला व्याकरण आहे हे त्यानं मान्य केलं होतं. 2011च्या जनगणनेत खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी आहे, अठरा लाखांवर लोकांची. ‘सुबंतविचार’, ‘तिङन्तविचार’ लिहिणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. विभक्ती-प्रत्ययांचा एवढा कीस काढणाऱ्या माणसाच्या गावात प्रयोग पाठ करून घ्यावे लागतात!

माझं म्हणणं साधं आहे. प्रयोगांचा पहिला तास अहिराणीत घ्या. रावेर-यावलकडे लेवा बोलीत घ्या, तिथेही ‘ले’ आहेच. फळ्यावर ‘खास’, ‘खादा’, ‘खादी’ लिहा आणि पोरांनाच विचारा, क्रियापद कुणामागे गेलं? नावं नंतर सांगा.

पालकांची हरकत ठाऊक आहे: ‘पोऱ्या घर अहिराणीच बोलस, शाळामा बी तेच का?’ काळजी खोटी नाही; पेपर प्रमाण मराठीतच येणार. पण ‘खास’ला लिंग नाही आणि ‘खातो-खाते’ला आहे, हे ज्याला शेजारी-शेजारी मांडून दाखवलं, त्याला पेपरात खातो कुठे आणि खाते कुठे हे चाचपडावं लागणार नाही.